दवाखान्यातला दुभाषी डॉक्टर झाला पाहिजे



थेरगावातल्या कुठल्याही सरकारी किंवा महापालिकेच्या दवाखान्यात सकाळी केसपेपरच्या रांगेत उभे राहावे आणि किती भाषा कानावर पडतात ते मोजावे. लातूर-नांदेडकडची मराठी असते, अक्कलकोटकडची कानडी असते, तांड्यावरची गोरमाटी असते, बिहारची भोजपुरी, ओडिशाची उडिया, नेपाळी. भोसरी-चाकणचे कारखाने आणि वाकड-हिंजवडीची बांधकामे यांनी ही माणसे इथे आणली. डांगे चौकात सकाळी कामाच्या आशेने उभा राहणारा मजूर कुठल्याही मुलखाचा असो, ताप आला की तो याच रांगेत येतो. रांगेच्या टोकाला डॉक्टर बसलेला असतो. डॉक्टरला नावे ठेवण्यासाठी आम्ही हे लिहीत नाही. त्याच्यापुढे केसपेपरचा गठ्ठा असतो, बाहेर आरडाओरडा असतो, आणि त्याची भाषा पुस्तकातली असते.

मराठी वाचकांना वाटेल की, हा तर परप्रांतीयांचा प्रश्न झाला. तसे नाही. आपल्या आया-बहिणी डॉक्टरपुढे काय बोलतात ते आठवून पाहा. ‘कसंतरी होतंय’, ‘जीव घाबरा होतोय’, ‘डोळ्यापुढं अंधारी येते’, ‘पोटात गोळा उठतो’. हे सारे शुद्ध मराठी आहे. पण इंग्रजी शाळेतून आलेल्या तरुण डॉक्टरला त्यातून छातीचा आजार ओळखायचा की रक्त कमी आहे म्हणायचे, हे उमगत नाही. ‘अंगावरून जातंय’ एवढे बोलून बाई गप्प बसते. पांढरे जाते की लाल, किती दिवसांपासून, हे कोणी नीट विचारले तरच ती सांगणार. आणि डॉक्टर जे सांगतो ते तरी आपल्याला कुठे कळते? ‘गोळी सकाळी जेवणानंतर घ्या’ असे तो रात्रपाळीच्या कामगाराला सांगतो. हा गडी सकाळी आठला घरी येऊन झोपतो आणि दुपारी तीनला जेवतो. त्याची सकाळ कोणती? तो विचारत नाही. आपल्या अंदाजाने गोळी घेतो, आणि साखर वाढली की ‘पेशंट ऐकत नाही’ असा शेरा केसपेपरवर पडतो.

या दोघांच्या मधे एक माणूस असतो. कधी झाडू मारणारी मावशी, कधी वॉर्डबॉय, कधी रांगेतलाच कोणी भला माणूस, आणि पुष्कळदा शाळेत जाणारी मुलगी. ‘दुभाषी’ असे पद आम्ही तरी आजवर एकाही दवाखान्याच्या पाटीवर वाचलेले नाही. गंमत पाहा, फौजदारी न्यायालयात आरोपीला न समजणाऱ्या भाषेत साक्ष झाली तर ती त्याला समजेल अशा भाषेत सांगितलीच पाहिजे, असा कायदा आहे. म्हणजे चोरीच्या आरोपीला जी सोय आहे ती बाळंतिणीला नाही! नाही म्हणायला राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाने २०१८ साली रुग्णहक्कांची सनद तयार केली आणि रुग्णाला त्याच्या भाषेत, त्याला समजेल असे सांगितले पाहिजे, असे तिच्यात लिहिले. सनद भिंतीवर लागते. ती वाचून दाखवायलाही एक दुभाषी लागतो.

आमच्या वस्तीत एक मुलगी आहे. नाव देत नाही, कारण ते घर संकोची आहे. वडील अक्कलकोट तालुक्यातले, त्यामुळे घरात मराठीच्या जोडीने कानडीही बोलली जाते. गुलबर्ग्याकडून बांधकामावर आलेल्या बाया दवाखान्यात जाताना या मुलीला बोलावून नेतात. ती नववीत असल्यापासून हे चालू आहे. त्या बायांना ती देवासारखी भेटली, हे खरे. पण पोरीच्या डोक्यावर काय बसते ते कोणी पाहत नाही. एकदा डॉक्टरांनी एका बाईला विचारले, ‘याआधी मूल पडले होते का?’ चौदा वर्षांच्या मुलीने हे परक्या बाईला विचारायचे, तेही तिच्या नवऱ्यादेखत. तिने विचारले. नंतर आमच्या घरी येऊन ती म्हणाली, ‘‘काका, ती बाई हळूच मान हलवून हो म्हणत होती, आणि तिचा नवरा मोठ्यानं नाही म्हणत होता. मी कुणाचं सांगायचं?’’ तिने नवऱ्याचे सांगितले. चौदा वर्षांची मुलगी दुसरे काय करणार?

अमेरिकेत या गोष्टीचा कडू अनुभव घेऊन लोक शहाणे झाले. १९८० साली फ्लोरिडा राज्यात अठरा वर्षांच्या एका तरुणाला बेशुद्धावस्थेत रुग्णालयात आणले. घरचे लोक क्यूबाकडचे, स्पॅनिश बोलणारे. खाण्यापिण्यातून काही बाधले असावे अशा अर्थाने त्यांनी ‘इंतोक्सिकादो’ हा शब्द वापरला. रुग्णालयाने त्याचा अर्थ इंग्रजी कानाने लावला आणि पोराने नशा केली असे ठरवून टाकले. प्रत्यक्षात त्याच्या मेंदूत रक्तस्राव होत होता. तो ओळखायला उशीर झाला आणि मुलाचे दोन्ही हात-पाय कायमचे गेले. पुढे भरपाई ठरली ती सुमारे ७ कोटी १० लाख डॉलरची. एका शब्दाची ही किंमत. त्या देशात १९६४ च्या नागरी हक्क कायद्याच्या आधारावर रुग्णालयात दुभाषी मिळण्याचा हक्क हळूहळू उभा राहिला. २०१६ च्या नियमाने तर, तातडीचा प्रसंग वगळता, लहान मुलांना दुभाषी म्हणून उभे करू नये असे स्पष्ट घातले. आमच्या वस्तीतल्या मुलीचा प्रश्न तिथे कायद्याच्या पुस्तकात आहे. तिथे पगारी दुभाषी असतात, आणि त्यांतली काही मुले दुभाष्याचे काम करता करता डॉक्टरकीच्या शिक्षणाकडे वळली आहेत.

ती का वळली असतील? आम्ही यावर पुष्कळ विचार केला. दुभाष्याच्या हातात फार थोडे असते. डॉक्टरने प्रश्न विचारला तर तो पलीकडे पोचवायचा, उत्तर आले तर अलीकडे आणायचे. जो प्रश्न विचारलाच गेला नाही, त्याचे काय? दुभाषी समोर बसलेल्या बाईचे घर ओळखतो, तिची चाळ, तिचे पाणी भरणे, तिच्या नवऱ्याची पाळी, सारे त्याला माहीत असते. पण विचारायचे काय हे ठरवणारी खुर्ची दुसऱ्याची असते. त्या खुर्चीवर बसल्याशिवाय प्रश्न बदलत नाही.

हा केवळ आमचा तर्क नाही. आपल्याच महाराष्ट्रात याचा पुरावा आहे. डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग या जोडप्याने १९८६ साली गडचिरोलीत ‘सर्च’ ही संस्था काढली. राणीताईंनी दोन खेड्यांतील ६५० स्त्रियांची तपासणी केली आणि त्याचा अहवाल १९८९ साली ‘लॅन्सेट’ या जगप्रसिद्ध वैद्यकीय नियतकालिकात आला. तक्रार सांगणाऱ्या स्त्रिया होत्या ५५ टक्के. तपासल्यावर स्त्रीरोग निघाले ९२ टक्के स्त्रियांना! आणि त्याआधी अशी तपासणी झालेल्या किती? फक्त ८ टक्के. तोवर सरकारी यंत्रणेने खेड्यातल्या बाईला विचारले ते बहुतेक दोनच गोष्टींविषयी, एक बाळंतपण आणि दुसरी कुटुंबनियोजनाची शस्त्रक्रिया. बाकीचे दुखणे तिने बाईचा जन्म म्हणून सोसले. यात भाषेची अडचण होती असेही म्हणता येत नाही, कारण विचारणाराच कोणी नव्हता. हाताशी दहा दुभाषी असते तरी ही ९२ टक्क्यांची गोष्ट बाहेर आली नसती. ती आली, कारण विचारणारी डॉक्टर बाई होती आणि गावातल्या बायांजवळ बसून ऐकणारी होती.

‘सर्च’च्या दवाखान्याची आणखी एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. आदिवासींना मोठ्या इमारतीच्या रुग्णालयाची भीती वाटते, हे लोकांशी बोलून कळल्यावर त्यांनी दवाखाना झोपड्यांच्या वस्तीसारखा बांधला आणि त्याला माँ दंतेश्वरीचे, म्हणजे गोंडांच्या देवीचे, नाव दिले. देवीचे नाव दवाखान्याला असावे की नसावे, यावर आमच्या वाचकांत दोन मते पडतील. पडू देत. दवाखान्याची इमारतही काही बोलत असते, एवढेच आम्हास म्हणायचे आहे.

आता गडचिरोली जिल्ह्याच्याच दुसऱ्या टोकाला जाऊ. भामरागडजवळ हेमलकसा येथे बाबा आमटे यांनी २३ डिसेंबर १९७३ रोजी लोकबिरादरी प्रकल्प सुरू केला आणि डॉ. प्रकाश आमटे व डॉ. मंदाकिनी आमटे तिथे जाऊन राहिले. तिथले माडिया लोक जी भाषा बोलतात ती गोंडीच्या घरातली, तिचा मराठीशी मेळ नाही. रुग्ण येईना, आला तर बोलणे कळेना. तेव्हा या डॉक्टर मंडळींनी माडिया भाषा शिकून घेतली. शहरातून शिकून आलेल्या माणसाने जंगलातल्या माणसाची भाषा शिकायची, ही गोष्ट लहान नाही. आपल्याकडे वीस-वीस वर्षे नोकरी करून कानडीचे किंवा गोरमाटीचे एक वाक्य न शिकलेले साहेब आम्ही पाहिले आहेत.

पण हेमलकशाची गोष्ट इथे थांबत नाही, आणि आमच्या लेखाला तिचा पुढचा भागच हवा आहे. १९७६ साली तिथे आश्रमशाळा निघाली. त्या शाळेत माडिया मुले मराठी शिकली. घरात एक भाषा, शाळेत दुसरी. म्हणजे ते प्रत्येक मूल दोन भाषांच्या मधे उभे राहिलेले दुभाषीच झाले. त्या सुरुवातीच्या विद्यार्थ्यांतले एक कन्ना मडावी. ते पुढे डॉक्टर झाले. माडिया समाजातले पहिले डॉक्टर म्हणून त्यांचे नाव घेतले जाते. शिकून ते मुंबई-पुण्याला राहिले नाहीत. गडचिरोली जिल्ह्यातच, अहेरीच्या सरकारी रुग्णालयात त्यांनी काम केले. ज्या भाषेत आईने अंगाई म्हटली त्याच भाषेत ‘कुठे दुखते?’ असे विचारणारा डॉक्टर त्या मुलखाला मिळाला. डॉ. आमटे यांनी ती भाषा कष्टाने मिळवली. डॉ. मडावी यांना ती शिकावी लागली नाही. त्यांनी कष्टाने मिळवली ती डॉक्टरकी. एका पिढीने रस्ता केला, दुसरी त्यावरून चालत गेली, असा हा हिशेब आहे.

मग थेरगाव, काळेवाडी, रहाटणीच्या चाळींतून असा डॉक्टर का निघू नये? इथे तर आश्रमशाळाही नव्याने काढायची नाही. महापालिकेच्या शाळा आहेत, कॉलेज बसच्या अंतरावर आहे, आणि पिंपरीत यशवंतराव चव्हाण स्मृती रुग्णालयासारखे महापालिकेचे मोठे रुग्णालय आहे. कमी पडते ते घरातल्या मोठ्यांचे धाडस. आमच्या वस्तीतली ती मुलगी आता बारावी विज्ञानला आहे. तिचे वडील चाकणला कंत्राटी कामगार. नातेवाइकांनी बैठक घेऊन सल्ला दिला, ‘‘कशाला डॉक्टरचं स्वप्न? नर्सिंगला टाका, लवकर पगार चालू होईल.’’ नर्सच्या कामाला आम्ही कमी लेखत नाही. आपल्या समाजातल्या मुली नर्स झाल्या आणि त्यांनी अख्खी घरे उभी केली. ज्या मुलीला नर्सच व्हायचे आहे तिने अभिमानाने व्हावे. परंतु जिला डॉक्टर व्हायचे आहे तिला केवळ भीतीपोटी अलीकडे उतरवू नये.

डॉक्टरकीच्या जागा आणि आपण, यांचे नाते जुने आहे. घटना लागू होऊन वर्ष व्हायच्या आतच मद्रास प्रांतातील जातवार जागावाटपाविरुद्ध दाद मागितली गेली. चंपकम दोराईराजन यांचा तो खटला वैद्यकीय महाविद्यालयातील प्रवेशाबाबत होता. एप्रिल १९५१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते वाटप रद्द ठरवले, आणि त्याच वर्षी पहिली घटनादुरुस्ती होऊन कलम १५ मध्ये चौथे पोटकलम आले. डॉ. बाबासाहेब आंबेडकर तेव्हा कायदामंत्री होते. आज राज्याच्या वैद्यकीय जागांत अनुसूचित जातींना १३ टक्के आणि अखिल भारतीय जागांत १५ टक्के आरक्षण आहे ते त्या पोटकलमाच्या बळावर. बौद्धांना केंद्राच्या यादीत अनुसूचित जातींच्या सवलती मिळाल्या त्या १९९० साली. म्हणजे हा पूर्ण रस्ता आपल्याला खुला होऊन फार काळ लोटलेला नाही.

जागा मिळाली म्हणजे सारे मिळाले असे मात्र कोणी समजू नये. जळगावकडची डॉ. पायल तडवी ही आदिवासी मुलगी मुंबईच्या नायर रुग्णालयात स्त्रीरोगशास्त्राचे पुढचे शिक्षण घेत होती. २२ मे २०१९ रोजी तिने आत्महत्या केली. वरिष्ठ डॉक्टरांनी जातीवरून छळ केल्याचा आरोप तिच्या आईने केला आणि प्रकरण न्यायालयात गेले. मुलांना हे लपवून कॉलेजात पाठवू नये. सांगूनच पाठवावे. वसतिगृहात काही बोलणे झाले तर त्याच दिवशी घरी फोन करायचा, आणि घरच्यांनी ‘सहन कर’ म्हणायचे नाही; लेखी तक्रार करायची आणि तिची पोच घ्यायची.

परीक्षेबद्दल. ‘नीट’ ही परीक्षा २०१७ पासून मराठीतही देता येते. परंतु भाषांतरात फरक पडला तर इंग्रजी प्रश्नच अंतिम मानला जातो, आणि पुढे एमबीबीएसची पुस्तके इंग्रजीच असतात. (मध्य प्रदेशाने २०२२ साली हिंदीत पुस्तके काढली.) म्हणून मराठी माध्यमाच्या मुलांनी अकरावीपासूनच जीवशास्त्राचे इंग्रजी शब्द मराठीच्या जोडीने एका वहीत लिहीत जावे. दोन भाषांत वावरलेल्या मुलाला हे काम जड जात नाही. घरात तो तेच करत आलेला असतो.

पैशाबद्दल. वार्षिक उत्पन्न अडीच लाखांपर्यंत असेल तर अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्याला भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती आहे. त्यावर उत्पन्न असेल तर शिक्षण शुल्क व परीक्षा शुल्काची फ्रीशिप आहे. दोन्हींचे अर्ज महाडीबीटीवर भरायचे असतात. ‘फी ऐकूनच आम्ही मागे फिरलो’ असे सांगणारे पालक आम्हास दरवर्षी भेटतात. त्यांनी फी कोणाकडून ऐकली असे विचारले, तर उत्तर येते, शेजाऱ्याकडून.

आणि एक गोष्ट अशी आहे की जी आमच्या कारखान्यांतल्या दहा माणसांना विचारली तर नऊजणांना माहीत नसते. ज्या कामगाराचा ईएसआय कापला जातो त्याच्या मुलांसाठी कामगार राज्य विमा महामंडळाच्या वैद्यकीय महाविद्यालयांत एमबीबीएसच्या काही जागा राखीव असतात. ही विमा योजना आली कुठून? बाबासाहेब व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात १९४२ ते १९४६ या काळात मजूरमंत्री होते. त्या काळातच प्रा. अडारकर यांनी कामगारांच्या आरोग्यविम्याची योजना आखून १९४४ साली अहवाल दिला. १९४८ साली कायदा झाला आणि २४ फेब्रुवारी १९५२ रोजी कानपूर व दिल्लीत योजना प्रत्यक्ष सुरू झाली. आपण ते कार्ड खोकल्याच्या बाटलीपुरते वापरतो. मुलाने ‘नीट’ दिली असेल तर विमाधारकाचे अपत्य असल्याचे प्रमाणपत्र महामंडळाकडून घ्यायचे. वर्गणी किती काळ भरलेली हवी, अर्ज कधी करायचा, हे त्या त्या वर्षीच्या परिपत्रकात दिलेले असते. गुलबर्ग्यालाही असे एक महाविद्यालय आहे. कानडी येणाऱ्या मुलीला ते परके वाटणार नाही.

शेवटी कागदपत्रे. आमचा जन्म कारकुनीत गेला, तेव्हा एवढे तरी आम्ही खात्रीने सांगू शकतो. जात वैधता प्रमाणपत्राचा अर्ज निकालानंतर करायचा नसतो. अकरावी विज्ञानला असतानाच कॉलेजमार्फत करावा. अनुसूचित जातीसाठी १० ऑगस्ट १९५० किंवा त्याआधीचा महाराष्ट्रातल्या वास्तव्याचा पुरावा लागतो. आपल्या घरांत अडचण अशी की, आजोबांच्या दाखल्यावर पूर्वीची जात असते, वडिलांच्या दाखल्यावर बौद्ध असते, आडनाव एकीकडे ‘सोनवणे’ तर दुसरीकडे ‘सोनावणे’ असते. म्हणून आजोबा किंवा चुलत आजोबा ज्या शाळेत होते त्या गावच्या शाळेतून जनरल रजिस्टरचा उतारा मुख्याध्यापकाच्या सही-शिक्क्यानिशी आणून ठेवावा. अखिल भारतीय जागांसाठी जातीचा दाखला केंद्राच्या नमुन्यातला लागतो, तोही वेगळा काढावा. लोक हा उतारा आणायला दिवाळीच्या सुट्टीत गावी जातात आणि शाळेला कुलूप पाहून परत येतात. शाळा चालू असताना एक दिवसाची रजा टाकून जावे, आणि जाताना मुलीलाही बरोबर न्यावे.